साडेतेवीस तास शेजाऱ्यांच्या हवाली

नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या एका ताईंचे पाच पानी पत्र आले आहे. त्या २७ वर्षांच्या आहेत, खासगी बँकेत नोकरी करतात आणि आईसोबत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. गेली चार वर्षे त्या गल्लीतल्या १६ कुत्र्यांना रोज रात्री जेवू घालतात. घरात मागचे पाय निकामी झालेली एक कुत्री, पाच मांजरी आणि संक्रांतीला मांजाने पंख कापलेला एक पोपट आहे. पत्र लिहिण्याच्या आठ दिवस आधी नुकत्याच व्यालेल्या एका कुत्रीने दुसऱ्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावा घेतला. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या एका गृहस्थाने लोखंडी सळईने दुसऱ्याच एका कुत्र्याचा पाय मोडला. रविवारी सभा होऊन खाऊ घालणे पूर्ण बंद करण्याचा आणि सगळी कुत्री उचलून नेण्याचा ठराव झाला. आईला आता कोणी भिशीला बोलावत नाही. क्रेडिट कार्डावर ८० हजारांचे कर्ज झाले आहे, रात्री-अपरात्री अनोळखी लोकांचे फोन येतात आणि, त्यांच्याच शब्दांत, ‘माणसांचा तिटकारा येऊ लागला आहे’. पोलिसांत तक्रार करावी का, नोकरी सोडून पूर्णवेळ हेच काम करावे का, की सगळे सोडून द्यावे, असे त्यांनी विचारले आहे. पत्र तातडीचे असल्यामुळे हे उत्तर त्यांना आधी थेट पाठवले आणि मग येथे दिले आहे.

ताई,

तुमच्या पाच पानांत पाय मोडलेल्या कुत्र्याला दोन पाने मिळाली आहेत आणि चावा बसलेल्या मुलाला दीड ओळ. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. या कामात पंचवीस वर्षे घालवल्यावर मला ठाऊक आहे की, जखमी जनावर मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरे काही दिसत नाही. तरीही माझे उत्तर त्या मुलापासूनच सुरू होते. त्याची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली होती का, त्याला रेबीजची लस सुरू झाली का, आणि दात रुतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचे इम्युनोग्लोब्युलिन मिळाले का, हे तुम्ही आज संध्याकाळीच त्यांच्या घरी जाऊन विचारा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही; वेळेवर लस घेतली तर मात्र हा रोग टळतो. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. काही राहून गेले असेल तर स्वतः सोबत जा, रांगेत उभ्या राहा.

त्या घरी आणखी एक गोष्ट फक्त तुम्हीच सांगू शकता. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, आणि ती कुत्री रोज रात्री तुमच्या हातचे खाते. ती नीट खाते-पिते आहे का, तिची चाल बदलली आहे का, हे तुमच्याइतके कोणाला कळणार? रोज तेवढे एक वाक्य त्या मुलाच्या आईला कळवा आणि डॉक्टरांच्याही कानावर घाला. मात्र कुत्री धडधाकट दिसते म्हणून लस थांबवता येत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगा. ‘तिची पिले लहान होती, म्हणून ती चावली’ हे खरे आहे, पण त्या उंबरठ्यावर उभे राहून ते बोलू नका. मूल ज्याचे रडले आहे, त्याला कुत्रीची बाजू ऐकवण्याची ती वेळ नव्हे. पिलांची जागा जिन्यापासून दूर हलवता येत असेल तर हलवा, नसेल तर पिले दूध तोडेपर्यंत तिच्याभोवती फळ्यांचा आडोसा करा आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दिवसातून फार तर अर्धा तास त्या सोळा कुत्र्यांजवळ असता. उरलेले साडेतेवीस तास ती तुमच्या शेजाऱ्यांच्या हवाली असतात. गाडी मागे घेताना चाकाखाली पाहणारा, गेटवरचा चौकीदार, दुपारी गच्चीवर वाळवण घालणाऱ्या काकू, शाळेतून येणारी मुले यांच्यावर त्या जिवांची खुशाली अवलंबून आहे. तुम्ही पातेलेभर भात शिजवता, तो त्यांना एका रात्रीपुरता पोसतो; शेजाऱ्यांशी तुमचे भांडण झाले तर त्याची किंमत दुसऱ्या दिवशी भर दुपारी, तुम्ही बँकेत असताना, एखाद्या कुत्र्याचा पाय मोजतो. तुमच्या बाबतीत हे घडून गेले आहे. म्हणून शेजाऱ्यांशी संबंध राखणे हा या कामाचाच भाग आहे आणि तुमच्याकडून तोच सुटला आहे, असे मला वाटते.

तक्रारीबद्दल विचारले आहे, तर माझे मत स्पष्ट आहे: ज्या माणसाने सळई मारली, त्याच्याविरुद्ध तक्रार जरूर करा. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. त्या काळी ही रक्कम मोठी असेल, आज तिचा धाक कोणालाही वाटत नाही. त्यामुळे तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५चा उल्लेख आग्रहाने करून घ्या. प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. हाड मोडल्याचा एक्स-रे, पशुवैद्यकाचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र, तारीख-वेळ दिसणारी छायाचित्रे आणि ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याचा जबाब, एवढे हाताशी असले म्हणजे ठाणेदारांना टाळाटाळ करता येत नाही. पण तक्रार त्या एका कृत्यापुरती आणि त्या एका माणसापुरती ठेवा. सभेत हात वर करणाऱ्या तीस कुटुंबांना त्यात ओढू नका, आणि त्या गृहस्थाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकून त्याच्या मुलाबाळांची नालस्ती होईल असे काही करू नका. सभेत हात वर करणारे बहुतेक लोक भ्यालेले असतात. सळई उचलणारा एखादाच असतो, आणि तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजले तर उरलेले त्याच्या मागे उभे राहतात.

सभेच्या ठरावाविषयी. आपल्या नागपूरचा यात स्वतंत्र इतिहास आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शहरात सार्वजनिक जागी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावर बंदी घातली होती आणि ज्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी कुत्री रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत, असे म्हटले होते. महिनाभरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि महापालिकेला खाऊ घालण्याच्या जागा ठरवायला सांगितले. मार्च २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही हीच वाट धरली: जागा ठरवायची, ती मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असायची, वेळ ठरलेली असायची आणि खाऊ घालणाऱ्याने घाण मागे ठेवायची नाही. पुढे २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या मूळ जागी परत सोडावीत असे सांगितले, मात्र रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. त्याच आदेशाने रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालणे बंद करून प्रत्येक प्रभागात त्यासाठी जागा नेमायला सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून तेथे परत न सोडण्याचे निर्देश दिले.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा. ‘सगळी कुत्री उचलून न्या’ हा सोसायटीचा ठराव नियमांत बसत नाही. पण तुम्ही जिन्याखाली आणि गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीला लागून भाताचे द्रोण ठेवता असे लिहिले आहे, तेही बसत नाही. दोन्ही बाजू चुकलेल्या असतात तेव्हा बोलायला बसणे सोपे जाते, कारण प्रत्येकाला थोडे मागे सरकावे लागते. महापालिकेच्या झोन कार्यालयात जागा निश्चित करून मिळण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि अर्ज लिहिण्याआधी एखाद्या वकिलाकडून त्या दिवसाची कायदेशीर स्थिती तपासून घ्या. सोसायटी ऐकत नसेल तर नियमांतच प्राणी कल्याण समितीची सोय आहे. तिच्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी कल्याण संस्था आणि सोसायटीचा प्रतिनिधी एकत्र बसून निर्णय देतात. जागा ठरली की रात्री साडेनऊला भात ठेवायचा आणि दहाला द्रोण उचलून, पाणी मारून घरी यायचे. उष्ट्या भाताचा वास आणि त्यावर येणाऱ्या घुशी हे लोकांच्या रागाचे अर्धे कारण असते, हे मी अनेक वस्त्यांत पाहिले आहे.

यानंतर दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक कुत्र्याला एक पान: फोटो, नर की मादी, अंगावरची खूण, कानाला खाच आहे की नाही, रेबीजची लस कोणत्या तारखेला दिली. कानाची खाच म्हणजे नसबंदी झाल्याची निशाणी. तुमच्या पत्रात सोळापैकी किती माद्यांची नसबंदी झाली आहे याचा उल्लेख नाही, आणि ते वाचून मी थोडा वेळ थांबले. चार वर्षे दोन्ही वेळचे पोट मारून तुम्ही भात शिजवलात, पण कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम ६३ दिवसांचा असतो, वर्षातून दोनदा ती विऊ शकते आणि एका वेतात चार-सहा पिले सहज होतात. माद्या तशाच राहिल्या तर तुमचा भात पुढच्या पिढीला पुरणार नाही आणि त्यातली निम्मी पिले तुमच्या डोळ्यांसमोर गाड्यांखाली किंवा डिस्टेंपरच्या रोगाने जातील. म्हणून उद्यापासून पैसा आणि वेळ यांचा पहिला मान नसबंदीला द्या, माद्या आधी, नर नंतर. नसबंदी-लसीकरण ही महापालिकेची जबाबदारी आहे. पण पकडायला आलेल्या गाडीच्या नुसत्या आवाजाने गल्लीतली सारी कुत्री पसार होतात, हा नेहमीचा अनुभव. तुम्ही हाक मारली की ती येतात. जाळे घेऊन येणाऱ्या चार माणसांना जे जमत नाही, ते तुम्हाला एका हाकेत जमते. चार वर्षांच्या भाताने तुम्हाला मिळवून दिलेली ही सर्वांत मोठी शक्ती आहे आणि ती तुम्ही अजून वापरलेली नाही.

ती वही पुढच्या सभेत टेबलावर ठेवा. ‘सोळा कुत्री, सोळांना लस, नऊ माद्या, पैकी सात झाल्या, दोन बाकी’ असे कोणी तारखेनिशी सांगू लागले की ओरडणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येतो. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस दिलेली असली तर रोगाची साखळी तुटते, हेही तेथे सांगा. आणि लस दिलेली, नसबंदी झालेली कुत्री उचलून नेली तर मोकळ्या झालेल्या जागेत लस न दिलेली नवी कुत्री शिरतात, हेही.

माणसांच्या तिटकाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलेत, ते वाचून मला गाडगेबाबांची आठवण झाली. आपल्या अमरावतीकडचे, शेंडगावचे बाबा यात्रा-जत्रांमधल्या पशुबळीच्या विरोधात आयुष्यभर बोलले. पण गावात आल्यावर ते आधी खराटा हातात घेत, दिवसभर त्या गावाची घाण काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ज्याने सकाळी आपल्या दारातले गटार साफ केले, त्याने रात्री ‘बापहो, देव बकरे खातो का?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला तर माणूस चिडत नाही, खाली मान घालून विचार करतो. बळी देणाऱ्यांचा बाबांनी तिटकारा केला असता तर ते त्यांच्या गावातही शिरू शकले नसते.

शब्दांचेही तसेच आहे. सभेत तुम्ही ‘प्राण्यांचे हक्क’ यावर बोललात आणि लोक हसले, असे लिहिले आहे. हक्कांची भाषा खरी आहे, न्यायालयात ती लागतेच. मुक्या जिवांविषयी दया बाळगणे हे राज्यघटनेच्या ५१-क कलमात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. पण तुमच्या सोसायटीतले अर्धे ज्येष्ठ काटोल, उमरेड, मौद्याच्या खेड्यांतून आलेले असतील. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणणारे वडील त्यांनी पाहिलेले आहेत. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची अशी माफी मागण्याची रीत ज्यांच्या घरी होती, त्यांना करुणा नव्याने शिकवावी लागत नाही; त्यांच्याशी त्याच भाषेत बोलावे लागते. एखाद्या काकांकडे जाऊन त्यांच्या बैलजोडीचे नाव विचारून पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, नवतपा लागला, की गल्लीत मातीची चार भांडी ठेवून पाणी भरण्याचे काम सोसायटीतल्या मुलांना द्या. दर दोन दिवसांनी घासून भरायची, म्हणजे डास होणार नाहीत.

आता घरातल्या जिवांविषयी, आणि येथे मी थोडी कठोर होणार आहे. पोपट आजच्या आज सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट उपचार केंद्रात नेऊन द्या. आपला कंठवाला पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. दयेने ठेवला तरी घरी ठेवणे गुन्हाच ठरतो, आणि दुसरे म्हणजे तुटलेल्या पंखावर घरी हळद लावून तो पुन्हा उडणार नाही. मांजरींना दुखते म्हणून माणसांची गोळी देता असे एका ठिकाणी लिहिले आहे. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, ती ताबडतोब थांबवा.

नवीन जनावर घरी आणणेही थांबवा. का, ते सांगते. बारा वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी रस्त्यावरून एक मरगळलेले पिलू उचलून आणले आणि घरातल्या चार पिलांच्या शेजारी, त्याच पोत्यावर, त्याला निजवले. गारठले होते, ऊब मिळेल एवढाच विचार केला. त्याला पार्व्हो हा पिलांचा संसर्गजन्य रोग होता. पहाटे त्या पोत्याला येणारा रक्तमिश्रित हगवणीचा कुबट वास मी अजून विसरलेले नाही. आठ दिवसांत पाचही गेली. माझ्या करुणेने चार निरोगी पिले मारली, हे मला लिहितानाही जड जाते, पण ते तसेच आहे. पार्व्होचा विषाणू फरशीवर, पोत्यावर, चपलेवर महिनोन्‌महिने टिकून राहतो. वेगळी खोली, वेगळी भांडी, आधी लस घेतलेली जनावरे आणि रात्री बोलावता येईल असा पशुवैद्यक, यांतले काहीच नसताना दोन खोल्यांत आणखी एक जीव आणणे म्हणजे आधीच्या सहांना धोक्यात घालणे आहे. आणि त्या घरात सातवा जीव तुमची आई आहे. तिने कधी तक्रार केली नाही, असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. एकदा तिच्यासमोर बसून तिला विचारा.

स्वतः तुम्ही रेबीजची प्रतिबंधक लस घेतली आहे का? या कामात हात घालणाऱ्याने ती चावा बसण्याआधीच घ्यायची असते.

नोकरी सोडू नका. पगार आहे म्हणून नसबंदीनंतरची औषधे येतात. पगार गेला की चार महिन्यांत तुम्ही वर्गणीसाठी जखमी जनावरांचे फोटो टाकत बसाल आणि काम मागे पडेल. महिन्याला जनावरांसाठी किती, हा आकडा आईला सोबत घेऊन ठरवा, कार्डाचे कर्ज फिटेपर्यंत तो छोटा ठेवा आणि मोठ्या उपचारांसाठी खासगी दवाखान्याआधी नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा. सगळे सोडूनही देऊ नका. १९६०चा कायदा ज्यांच्या प्रयत्नांतून आला त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पन्नासच्या दशकात राज्यसभेत खासगी विधेयक मांडले, पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनावरून ते मागे घेतले आणि कायदा होईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहिली. या कामाला एवढा दम लागतो, आणि तुम्ही तो चार वर्षांतच संपवत आणला आहे.

रात्रीच्या फोनचे असे करा. दहानंतर फोन बंद ठेवा. दिवसा जो फोन करील त्याला ‘मी येते’ म्हणू नका. ‘तुम्ही तेथेच आहात ना, मग मी सांगते तसे करा’ म्हणा. पक्षी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचा, चोचीत पाणी ओतायचे नाही. वन्यप्राणी असेल तर वनविभागाचा १९२६, पाळीव किंवा गुरे असतील तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२. कुत्रे असेल तर तोंडाला ओढणी बांधून, चादरीवर घेऊन रिक्षाने रुग्णालयात न्यायचे. दहांपैकी सहा जण फोन ठेवून देतील. उरलेले चार जण त्या दिवशी आयुष्यात प्रथमच एखादे जनावर दवाखान्यात नेतील, आणि त्यांतला एखादा पुढच्या महिन्यात तुमच्याबरोबर कुत्री पकडायला उभा राहील. मला माझे सगळे सोबती असेच मिळाले.

त्या मुलाच्या लसीची शेवटची मात्रा २८व्या दिवशी असते. इतक्या दिवसांत जखम भरलेली असते, घरचे विसरतात आणि तीच मात्रा राहून जाते. वहीच्या पहिल्या पानावर, कुत्र्यांच्या आधी, ती तारीख लिहून ठेवा आणि आदल्या संध्याकाळी त्या घराचे दार वाजवा.